त्या सकाळी तुम्ही कुठे निघाला होता?

एकदा एका व्यापाऱ्याला मरणाने आपल्या दारापर्यंत नेले आणि उंबऱ्यावरूनच परत पाठवले. परत आल्यावर त्या माणसाचे काय झाले, ते मी आज सांगणार आहे.

त्याचे नाव विश्वंभर देसले. एका तालुक्याच्या गावी त्याचे रंगांचे दुकान होते. घराच्या भिंतींना लागतो तो रंग, खिडक्या-दारांना लागतो तो तेलरंग, शिवाय ब्रश आणि पॉलिश. वय चव्वेचाळीस. माणूस सज्जन, व्यवहाराला चोख; पण सदैव घाईत. जेवताना उठण्याची घाई, देवळात गेला तर चपला घालण्याची घाई. त्याची पत्नी ज्योत्स्ना म्हणत असे, "हे घरात येतात तेव्हासुद्धा कुठेतरी निघालेलेच असतात."

एके दिवशी घाटापलीकडच्या गावातल्या मंगल कार्यालयाला रंग पोहोचवायचा होता. ड्रायव्हर आजारी म्हणून निरोप आला. विश्वंभर स्वतःच पिकअप घेऊन निघाला. मागे पिवळ्या तेलरंगाचे डबे रचलेले. सकाळचे साडेआठ वाजले असतील. घाटात पुढे एसटी होती आणि ती आपल्या गतीने चढत होती. विश्वंभरने हॉर्न दाबला, पुन्हा दाबला, मग दाबूनच धरला. खिडकीतून डोके काढून एसटीच्या ड्रायव्हरला एक शिवी हासडली आणि वळणावरच गाडी बाजूने घातली. कडेला बारीक खडी पडलेली होती. चाक तिच्यावरून घसरले आणि पिकअप दोन कोलांट्या खाऊन उतारावरच्या एका करंजाच्या झाडाला अडकली.

त्यानंतरचे त्याला आठवत होते ते रुग्णालयाचे छत.

पाय तीन ठिकाणी मोडला होता. चार बरगड्या गेल्या होत्या, प्लीहा काढून टाकावी लागली होती. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर आमच्या हातात काही उरले नसते. एकवीस दिवस रुग्णालयात आणि चार महिने घरी अंथरुणावर गेले.

आरंभीचे दिवस विलक्षण आनंदाचे होते. आश्चर्य वाटेल, पण तसेच होते. पहिल्यांदा बशीतून दोन घोट चहा मिळाला तेव्हा विश्वंभरच्या डोळ्यांत पाणी आले. सकाळचे ऊन पायाच्या प्लास्टरवर येऊन बसे, त्याच्याकडे तो तासन्‌तास पाहत राही. ज्योत्स्ना दारात दिसली की जणू पाहुणी आल्यासारखा हसे.

मग भेटायला माणसे येऊ लागली. येणारा प्रत्येक जण मोठ्या प्रेमाने एकच वाक्य बोले. "देवाने तुम्हाला वाचवलं ते उगाच नाही, विश्वंभरशेठ. तुमच्या हातून काहीतरी मोठं व्हायचं आहे."

प्रथम हे ऐकून त्याला बरे वाटले. पुढे ते वाक्य त्याच्या मनात रुतून बसले. त्याला कारणही होते. रुग्णालयात त्याच्या शेजारच्या खाटेवर एक तरुण शिक्षक होता, तोही अपघातातलाच. दोघांच्या जखमा सारख्याच. आठव्या दिवशी तो गेला. त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती, ती रडतही नव्हती. विश्वंभर वाचला आणि तो गेला, याचा काहीतरी अर्थ असलाच पाहिजे, असे त्याला वाटू लागले. नाहीतर आपण कोणाची तरी जागा अडवून जगत आहोत, ही बोच कशी जायची?

म्हणून काठी टेकत उभे राहता येताच तो अर्थाच्या मागे लागला. रक्तदान शिबिर भरवले. फलकावर स्वतःचा हात जोडलेला फोटो लावला आणि दुसऱ्याच दिवशी त्या फोटोची त्याला लाज वाटली. वृद्धाश्रम काढायचा म्हणून आधी एक चालता आश्रम पाहायला गेला, पण तिथल्या वृद्धांशी दहा मिनिटेसुद्धा बोलत बसवेना. शेवटी अपघाताच्या वळणावर देऊळ बांधायचे ठरवले. नकाशे झाले, मूर्तीची चौकशी झाली, कळसाच्या उंचीवरून गवंड्याशी भांडणही झाले. घरात कोणी मध्येच काही विचारले की तो खेकसे, "मी इथे काहीतरी चांगलं करतोय, दिसत नाही का?"

एके दिवशी ज्योत्स्नाने ताट वाढता वाढता शांतपणे म्हटले, "अहो, अपघाताच्या आधी तुम्ही धंद्यासाठी धावत होता. आता पुण्यासाठी धावताय. आम्हाला घरात काही फरक कळत नाही."

विश्वंभरचा घास हातातच राहिला.

"मग मी करू काय?" तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "मी कशासाठी वाचलो, हे मला कोणीतरी सांगा."

"मला नाही सांगता येणार," ज्योत्स्ना म्हणाली. "बाईंना विचारून या."

बाई म्हणजे त्याच्या चौथीच्या वर्गशिक्षिका. वय ऐंशीच्या पुढे. नवऱ्यामागे, मुलाबाळांवाचून, दोन खोल्यांत एकट्या राहत. गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी पाढे शिकवले होते, त्यामुळे त्यांना आडनावाने कोणी ओळखत नसे. सगळ्या गावाच्या त्या नुसत्या बाई. कोणी अडचण घेऊन गेले की त्या उपदेश करीत नसत. शाळेत करीत तसेच करीत. गणित सोडवून देत नसत, पहिली पायरी तेवढी विचारीत.

विश्वंभर गेला तेव्हा बाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्याने काठी बाजूला ठेवली, वाकून नमस्कार केला आणि देवळाच्या नकाशाची फाईल त्यांच्यासमोर धरली.

"ठेव तिथे," बाई म्हणाल्या. "बस. चार शेंगा सोल."

शेंगा सोलता सोलता त्याने सारे सांगितले. शेजारच्या खाटेवरचा शिक्षकही सांगितला. शेवटी म्हणाला, "बाई, मी कशासाठी वाचलो? देवाला माझ्याकडून नेमकं काय हवंय?"

बाईंनी सुपातला एक किडका दाणा उचलून बाहेर टाकला. मग विचारले, "तुला गाडीतून बाहेर कोणी काढलं रे?"

"लोकांनी."

"लोकांनी म्हणजे कोणी?"

अपघाताला सात महिने झाले होते. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता, आणि त्याने स्वतःलाही विचारला नव्हता.

"माहीत नाही, बाई."

"मग आधी ते शोधून ये. भेटतील त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचार. त्या सकाळी तुम्ही कुठे निघाला होता? बाकी काही नको. भेटवस्तू नको, सत्कार नको. आणि स्वतःची गाडी नेऊ नकोस, एसटीने जा."

"बाई, मी काय विचारतोय आणि तुम्ही..."

"ऐकू येतं मला," बाई म्हणाल्या. "मी त्याच प्रश्नाची पहिली पायरी सांगतेय. जा."

विश्वंभर गोंधळून घरी आला. वृद्धापकाळामुळे बाईंचे विचार जरा सैल झाले असावेत, असेही त्याला वाटून गेले. पण चौथीत असताना बाईंचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एसटीत बसला.

घाटाच्या पायथ्याशी एक फाटा आहे. तिथे पारूबाईंची चहाची टपरी. विश्वंभर काठी टेकत उतरला, बाकावर बसला आणि चाचरत म्हणाला, "मावशी, सात महिन्यांपूर्वी वर वळणावर एक पिकअप पडली होती..."

पारूबाईंनी चहाचे गाळणे खाली ठेवले आणि त्याच्याकडे निरखून पाहिले.

"अगं बाई! म्हणजे तुम्ही ते पिवळे साहेब!"

टपरीवरची चार माणसे वळून बघू लागली. पारूबाई हसू आवरता आवरता सांगू लागल्या. "डबे फुटले होते ना सगळे. तुम्ही डोक्यापासून पायापर्यंत पिवळे! रक्त कुठलं आणि रंग कुठला, कळेना. ज्यानं ज्यानं तुम्हाला हात लावला तो पिवळा. हे बघा." त्यांनी पाण्याची कळशी फिरवून दाखवली. तिच्या पोटावर पिवळ्या बोटांचे पाच ठसे होते. "रॉकेलनं घासली, राखेनं घासली. जात नाही. तुमचा माल चांगला आहे हो."

विश्वंभरला हसावे की रडावे कळेना. त्याने बाईंचा प्रश्न विचारला.

"मी? मी कुठे निघणार? इथेच होते. दूध चुलीवर ठेवलं होतं. आवाज आला तशी कळशी घेऊन पळाले. दूध गेलं उतू, सगळं. त्या दिवशी गिऱ्हाइकांनी काळा चहा प्यायला." मग त्यांनी बोटाने रस्त्यापलीकडे दाखवले. "निवृत्तीभाऊंना भेटलात का? तुमची मान त्यांनी धरली होती."

निवृत्तीभाऊंचे केशकर्तनाचे दुकान समोरच होते. एक खुर्ची, एक आरसा आणि एक रेडिओ. साठीचे गृहस्थ. विश्वंभरने नाव सांगताच त्यांनी आधी त्याला खुर्चीत बसवले आणि मानेवरून हलक्या हाताने बोटे फिरवली, जणू आपण ठेवायला दिलेली वस्तू नीट आहे ना, ते पाहावे.

"ठीक आहे," ते म्हणाले. "बरं झालं. मला धाकधूक होती."

"तुम्हाला कसं कळलं मान धरायची ते?"

"अहो, चाळीस वर्षं लोकांच्या माना धरतोय. मान हलली की वस्तरा लागतो. झाडाखालून वर आणेपर्यंत दोन्ही हातांत अशी धरून ठेवली, म्हटलं, काही होवो, ही हलू द्यायची नाही."

"त्या सकाळी तुम्ही कुठे निघाला होता?"

निवृत्तीभाऊ खळखळून हसले. "लग्नघरी! नवरदेवाची दाढी करायला. तुम्हाला गाडीत घातलं आणि तसाच पळत गेलो. हात धुवायला वेळ कुठला? दारात पाऊल टाकलं तर बायका ओरडल्या, नवरदेवाच्या आधी न्हाव्यालाच हळद कोणी लावली! मी म्हटलं, हळद नाही, ऑइल पेंट आहे. मग सगळी हकीकत सांगावी लागली. नवरदेव अर्धा तास साबण लावून बसलेला आणि सगळं लग्नघर तुमच्यासाठी हात जोडतंय. तुम्ही वाचलात असा निरोप दुपारी आला, तेव्हा वाजंत्रीवाल्यांनी तुमच्या नावानं एक गाणं वाजवलं. आमच्याकडे त्या लग्नाला अजून पिवळं लग्नच म्हणतात."

विश्वंभर आरशात पाहत होता. आपण अतिदक्षता विभागात निपचित पडलो असताना कुठल्या तरी मांडवात आपल्यासाठी वाजंत्री वाजत होती, हे त्याच्या कल्पनेतही आले नव्हते.

निवृत्तीभाऊंनी त्याला तिसरा पत्ता दिला. टेकडीमागच्या वस्तीवर अनसूयाबाई नावाच्या वृद्धा होत्या. अपघाताच्या वेळी त्या पुढच्या एसटीत होत्या आणि त्यांनीच त्याच्या पायाला घट्ट बांधून रक्त थांबवले होते.

वस्तीवर पोहोचला तेव्हा अनसूयाबाई अंगणात बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर एक बाळ होते. समोरचे दोन दात आलेले, हातात भाकरीचा तुकडा.

"आजी, मी तो पिकअपवाला," विश्वंभर म्हणाला.

आजींनी त्याच्याकडे पाहिले, त्याच्या पायाकडे पाहिले. "चालतोस का रे? चालून दाखव."

तो अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. आजींनी मान डोलावली. "लंगडतोस थोडा. चालायचंच."

"आजी, त्या सकाळी तुम्ही कुठे निघाला होता?"

"हिच्या बारशाला," आजी बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या. "लेकीच्या घरी. आता माहेरी आलीय ती. हिच्यासाठी गोधडी शिवली होती. माझी जुनी पातळं, ह्यांचा फेटा, सगळ्यांचे तुकडे घालून. तुझा पाय बघितला आणि दुसरं काही हाताशी नव्हतं. तीच घातली गुंडाळून आणि वरून पदर फाडून बांधली."

विश्वंभर आपल्या पायाकडे बघत म्हणाला, "बाळाची गोधडी माझ्या रक्तात गेली."

"गेली तर गेली. चिंध्यांचीच होती. बारशाला रिकाम्या हातानं गेले. लेक म्हणाली, आई, काय गं, काहीच नाही आणलंस? मी सांगितलं काय झालं ते. मग काही बोलली नाही. दुसरी शिवली मी पुढे, ही बघ." आजींनी दोरीवरची गोधडी दाखवली. मग अचानक त्यांचे डोळे मिश्किल झाले. "बारसं बाराव्या दिवशी होतं. आणि तुझा नवा जन्म त्याच दिवशी. म्हणजे ही ईश्वरी तुझ्यापेक्षा बारा दिवसांनी मोठी. ताई म्हण हिला. पाया पड."

आणि चव्वेचाळीस वर्षांच्या विश्वंभरने, मोडून सांधलेला पाय कसाबसा वाकवून, त्या साडेसात महिन्यांच्या ताईच्या पायाला हात लावला. ताईंनी भाकरीचा ओला तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. अंगणात हशा पिकला. अपघातानंतर विश्वंभर इतका मोकळा प्रथमच हसला. बरगड्या दुखू लागल्या तरी हसतच राहिला.

आता एकच उरला होता आणि त्याच्याकडे जायला विश्वंभरचे पाय धजत नव्हते. त्याला दरीतून पाठीवर घेऊन वर आणणारा माणूस म्हणजे त्याच एसटीचा ड्रायव्हर. त्यालाच विश्वंभरने क्षणभर आधी शिवी दिली होती.

त्याचे नाव सिकंदर तडवी. दुपारी तो डेपोच्या कडुनिंबाखाली डबा उघडून बसला होता. उंच, काळासावळा, पिळदार मिशांचा माणूस. विश्वंभर समोर उभा राहिला आणि आधी तेच बोलला.

"तडवीभाऊ, त्या दिवशी मी तुम्हाला शिवी दिली होती."

"ऐकली होती," सिकंदर म्हणाला. "बसा. जेवलात का?"

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. मनात म्हटलं, जा बाबा, मर जा." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "आणि तुम्ही खरंच गेलात खाली. अंगावर काटा आला माझ्या. ब्रेक मारला, गाडीला दगड लावला आणि उतरलो. दार चेपलेलं होतं. लोखंडी टामीनं उचकटलं. रागवायचं राहूनच गेलं नंतर."

"तीस प्रवासी होते ना तुमच्या गाडीत?"

"तेहतीस. तुम्हाला मधल्या जागेत झोपवलं आणि गाडी वळवली, सरळ रुग्णालयात. एकानंही तक्रार नाही केली. एका पोरीची परीक्षा होती, तीसुद्धा म्हणाली, काका, आधी यांना सोडा. तिला मग कंडक्टरनं कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसवून वेळेत पोहोचवली. डेपोनं मला लेखी विचारलं, मार्ग का बदलला? मी लिहून दिलं, वाटेत एक प्रवासी वाढला, त्याला रुग्णालयात उतरायचं होतं." सिकंदर मिशीत हसला. "साहेबांनी वाचलं आणि काही न बोलता सही केली."

विश्वंभरने हात जोडले. मग बाईंचा प्रश्न विचारला. "त्या सकाळी तुम्ही कुठे निघाला होता?"

सिकंदरला या प्रश्नाचा अर्थच लागेना. "कुठे म्हणजे? ड्यूटीवर. सव्वाआठची फेरी होती."

दोघांनी एकाच डब्यातले जेवण केले. निघताना सिकंदर म्हणाला, "एक बोलू? तुम्हाला उचलताना आम्ही चुकलो. मोडलेला पाय मी आधी उलटा धरला. डॉक्टर नंतर म्हणाले, असं उचलत नाहीत. आमच्या घाटात वर्षाला दोन-तीन गाड्या जातात. आम्हाला कोणी नीट शिकवलं तर बरं होईल."

विश्वंभर दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंकडे गेला. बाई तुळशीला पाणी घालत होत्या. त्याने पायरीवर बसून एकेक माणूस सांगितला. काळा चहा, पिवळे लग्न, बारा दिवसांनी मोठी ताई. बाई मध्येच इतक्या हसल्या की तांब्यातले पाणी सांडले. मग त्याच्या शेजारी येऊन बसल्या.

"प्रश्न विचारलास?"

"सगळ्यांना विचारला, बाई. कोणी दूध तापवत होतं, कोणी दाढी करायला निघालं होतं, कोणी बारशाला, कोणी कामावर." तो थांबला. "मला वाचवायला घरातून कोणीच निघालं नव्हतं."

"मग?" बाई म्हणाल्या.

बाई हळूहळू, प्रत्येक शब्द तोलून बोलू लागल्या.

"कोणत्याही मोठ्या कार्यासाठी निघालेल्या माणसाने तुला वाचवलेलं नाही, विश्वंभर. त्या सगळ्यांच्या हातात आपापलं लहानसं काम होतं आणि ते त्यांना खाली ठेवता आलं. एवढंच त्यांनी केलं. दूध उतू जाऊ दिलं, नवरदेवाला बसवून ठेवलं. तू विचारतोस, मी कशासाठी वाचलो? जणू तुझ्या नावाचं एक पाकीट कुठेतरी ठेवलेलं आहे आणि ते तुला सापडत नाही. तसं पाकीट नसतं रे. त्या बायामाणसांना तरी सकाळी कुठे ठाऊक होतं, आज आपण कशासाठी आहोत ते? वाटेत कळलं. तुलाही वाटेतच कळेल, एकदा नाही, रोज कळेल. पण तू थांबलास तरच. देऊळ बांध, नको बांधूस, मला दोन्ही सारखंच. मात्र मोठ्या कामाच्या घाईत असलेल्या माणसालासुद्धा वाटेतला माणूस अडथळाच वाटतो, हे तू स्वतः पाहिलंस."

मग विश्वंभरने विचारले, "आणि तो शेजारचा शिक्षक, बाई? तो का गेला?"

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "कोणी माहीत आहे म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. त्याची बायको कुठे राहते, ते माहीत आहे का तुला?"

"नाही."

"मग तेवढं माहीत करून घे."

विश्वंभरने ते केले. पुढच्या आठवड्यात तो आणि ज्योत्स्ना त्या घरी जाऊन आले. त्यांनी तिला काही समजावले नाही. ती नवऱ्याविषयी बोलत राहिली, ही दोघे ऐकत राहिली. शेवटच्या आठवड्यात तो पलीकडच्या खाटेवरून काय काय बोलत होता, ते विश्वंभरपाशीच होते. ते त्याने तिला दिले. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवरचे त्याचे विनोद, रुग्णालयातल्या पेजेला ठेवलेली नावे. ती हसली आणि मग पहिल्यांदा रडली. त्यानंतर त्यांचे येणेजाणे सुरू झाले ते आजवर आहे.

देवळाचे काय झाले, असे पुष्कळांनी विचारले. ते झाले नाही. त्याऐवजी एका रविवारी फाट्यावरच्या शाळेत एक डॉक्टर आले आणि जखमी माणसाला कसे उचलावे, रक्त कसे थांबवावे, हे गावाला शिकवून गेले. पारूबाईंच्या टपरीमागे एक घडीचे स्ट्रेचर आणि औषधांची पेटी आली. फलक लागला नाही, फोटोही नाही. विश्वंभर मागच्या रांगेत बसून शिकला. जखमी माणसाचे सोंग करायला कोणी तयार होईना, तेव्हा सगळ्यांनी एकमताने त्याचेच नाव घेतले. सिकंदरने या वेळी पाय सुलटा धरला आणि साऱ्या शाळेने टाळ्या वाजवल्या.

तो संत झाला असे समजू नका. दुकान अजून चालते, मालाची ने-आण होते, कधीमधी आवाजही चढतो. परंतु ज्योत्स्ना म्हणते, "आता हे घरी येतात तेव्हा घरीच आलेले असतात."

परवाचीच गोष्ट. विश्वंभर एका मोठ्या ग्राहकाला भेटायला चालला होता. बसस्थानकाजवळ पांढरी टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे मोबाईल धरत होते. माणसे हात हलवून पुढे जात होती. विश्वंभर थांबला.

"काय झालं, बाबा?"

"नातीचा निरोप आलाय. नर्सिंगच्या परीक्षेला बसली होती. मला वाचता येत नाही. चांगला आहे की वाईट, तेवढं सांगा."

विश्वंभरने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचले. "आबा, मी पास झाले. वर्गात दुसरी आले. पहिला पगार झाला की तुम्हाला विमानात बसवणार आहे."

म्हातारबाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "परत वाचा."

त्याने परत वाचले. बाबांनी शेजारच्या फळवाल्याला हाक मारली, "अरे, इकडे ये, ऐक!" आणि विश्वंभरने तिसऱ्यांदा वाचले. तेवढ्यात त्याचा स्वतःचा फोन वाजला. ग्राहक पलीकडून विचारत होता, "देसले, अहो कुठे अडकलात?"

"अडकलो नाही," विश्वंभर हसत म्हणाला. "थांबलोय. येतो थोड्या वेळात."

त्याने फोन खिशात ठेवला. आता फळवाल्याची बायकोही हात पुसत आली होती. विश्वंभरने बाबांचा मोबाईल उन्हापासून आडोशाला धरला आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.